जनूभाऊंची पावणेचारची भरती

जनूभाऊ म्हात्रे मुलाकडे कळंबोलीला राहायला गेले आणि आमच्या गावात पाण्याबद्दल छातीठोक बोलणारं कुणी उरलं नाही. हल्ली सगळे मोबाइलवर बघतात. मोबाइल भरतीची वेळ मिनिटासकट सांगतो, पण ती विचारल्याबद्दल माणसाला ओशाळं करत नाही. ते कसब फक्त जनूभाऊंचं.

आमच्या खाडीच्या धक्क्यावर लाँचच्या तिकिटांची एक खिडकी होती. त्या खिडकीत जनूभाऊ चौतीस वर्षं बसले. मी पलीकडच्या गावातल्या शाळेत गणित शिकवायला होतो, त्यामुळे त्यातली बरीच वर्षं रोज दोनदा मला त्यांचं दर्शन घडत असे. खाडीत गाळ असा की ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची नाही. कितीही घाईचा माणूस आला तरी खिडकीतून आधी हाताचा पंजा बाहेर यायचा आणि मग दोन शब्द यायचे, "पानी न्हाय." त्यात खेद नसे आणि रागही नसे. आपण वाद घालायला तोंड उघडावं, तर जनूभाऊ पांढऱ्या कांद्याचं सालपट काढण्यात गुंतलेले असायचे.

गंमत म्हणजे ती खिडकी होती रस्त्याकडे. खाडी जनूभाऊंच्या पाठीशी. चौतीस वर्षांत मान वळवून त्यांनी पाणी पाहिल्याचं मला आठवत नाही. एकदा मी म्हटलं, "जनूभाऊ, नुसतं मागं वळून बघा तरी." ते म्हणाले, "बगायचा कनाला, गुरुजी? पानी काय माज्यासाठी येगला येनार हाय?" समोर भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर असे. त्यात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की झाली पूर्ण भरतीची वेळ. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला सहा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. पण जनूभाऊंची त्यावर श्रद्धा होती, आणि श्रद्धावान माणूस सहसा खिडकीबाहेर बघत नाही.

एकदा जिल्ह्याचे कुणी मोठे साहेब आले. गाडी, शिपाई, फायली, सगळा लवाजमा. पलीकडे अकराला मीटिंग. जनूभाऊंनी पंजा दाखवला. साहेब म्हणाले, "मी कोण आहे ठाऊक आहे का?" जनूभाऊ म्हणाले, "मना ठाव हाय. पान्याला ठाव न्हाय. मीटिंग सव्वादोनला घ्या, त्याला पानी हाय." साहेबांनी सारंगाला दम भरून लाँच काढायला लावली. ती शंभर पावलांवर गाळात बसली. तिथे साहेब पांढऱ्या शर्टात साडेतीन तास उभे होते. उतरावं तर कमरेइतका चिखल, बसावं तर लोक धक्क्यावरून बघतायत. बरोबर सव्वादोनला लाँच हलली. साहेबांची पुढे बदली झाली, ती वेगळ्या कारणाने, पण गावाने ती जनूभाऊंच्याच खात्यावर घातली.

मग एक वऱ्हाड. नवरामुलगा बाशिंग बांधून धक्क्यावर आणि पलीकडे मुहूर्त बारा दहाचा. जनूभाऊंनी भटजींना खिडकीशी बोलावून घेतलं आणि विचारलं, "तुमी पंचांग बगलाव, त्यात तिथी न्हवती काय?" भटजी गडबडले. मुहूर्त चारला सरकला आणि तो अधिकच शुभ असल्याचं भटजींनीच सर्वांना पटवून दिलं. तेव्हापासून आमच्या भागात लग्नाची तारीख काढताना आधी जनूभाऊंना विचारत आणि मग भटजींना. जनूभाऊंना यात वावगं काही दिसत नसे. ते कधी चुकले नाहीत, आणि चुकलो म्हणायची सवयही त्यामुळे त्यांना लागली नाही.

या सगळ्यात एकच माणूस असं होतं की ज्याला जनूभाऊंच्या पाण्याचं कौतुक नव्हतं. त्यांची बायको, तारावहिनी. वहिनींचं माहेर खाडीच्या बरोब्बर पलीकडे. वडील मिठागरावर उघाडी राखायचे, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची झडप. ती कधी उघडायची आणि कधी पाडायची हे वहिनी परकरात असल्यापासून पाण्याकडे बघून सांगायच्या. धक्क्यावर उभं राहिलं की माहेरचं नारळाचं झाड दिसायचं. तरी लग्नानंतर त्या लाँचमध्ये बसल्या दोनदाच. एकदा वरातीतून सासरी येताना आणि एकदा थोरल्याच्या बाळंतपणाला जाताना; बाळाला घेऊन परतल्या त्या एसटीने. एरवी पिशवी भरून धक्क्यावर आल्या की नवऱ्याचा पंजा बाहेर येई. "पानी न्हाय." वहिनी वाद घालत नसत. खाडीकडे एकदा बघत, पिशवी उचलत आणि घरी जात. फारच नड असली तर एसटीने वळसा घालून अर्ध्या दिवसाने माहेरी पोहोचत.

मला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "गुरुजी, मना कुटं जायाचा न्हाय. चालत्या बोटीवर ह्यांच्या बाजूला बसायाचा, न् बगायाचा. बस." मी हे जनूभाऊंच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "नुसता बगायला बोट असते काय?"

पुढे मांडव्याला रो-रो आली. ती मोटारी पोटात घेऊन मुंबईला जाते आणि तिथीबिथी विचारत नाही. आमच्या धक्क्यावरची माणसं हळूहळू आटली. जनूभाऊ निवृत्त झाले आणि खिडकीला फळी ठोकली गेली. त्यांच्या थोरल्याचे कळंबोलीत ट्रेलर चालतात. त्याने आईबापांना युरोप दाखवायचं ठरवलं. जनूभाऊ नाही म्हणाले. मग कळलं की विमान फक्त जाण्या-येण्यापुरतं, बाकी सगळा प्रवास नदीतून बोटीने. त्यांनी लगेच होकार दिला आणि बोटीच्या खात्यातला माणूस म्हणून सहलीतल्या इतरांना सूचनाही द्यायला सुरुवात केली. माझी लेक मलाही पाठवायच्या मागे लागलीच होती. अशा रीतीने अलिबाग, पेण आणि किहीमचे मिळून आम्ही बावीस जण ऱ्हाइन नदीवर दाखल झालो. पितृपक्ष होता. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी शुभकार्य काढत नाही, त्यामुळे सहलीला सगळे मोकळे सापडतात.

सहलीच्या पुस्तिकेवर एक चित्र होतं. दोन्ही काठांना डोंगर, प्रत्येक डोंगरावर किल्ला, मधून पांढरी बोट आणि बोटीच्या गच्चीवर खुर्च्या टाकून बसलेलं एक जोडपं. तारावहिनींनी ते पान विमानातसुद्धा मांडीवर ठेवलं होतं. किल्ल्यांचा टप्पा चौथ्या दिवशी होता. आधीचे तीन दिवस त्यांच्या लेखी वाट बघण्याचे.

बोट उत्तम होती. आमच्याबरोबर केतकी नावाची ठाण्याची चुणचुणीत मुलगी सहलप्रमुख म्हणून होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की या नद्यांचं पाणी हल्ली भरवशाचं राहिलेलं नाही. मागे एकदा इतकं वाढलं होतं की बोट पुलाखालून जाईना आणि लोक दोन दिवस एका पुलाकडे बघत बसले. जनूभाऊ खूप हसले. "पानी जास्त झाला म्हनून बोट थांबली? आमच्याकडं असा बोलला असता तर लोकांनी मना खिडकीतून भायेर काडला असता." जेवणाच्या टेबलाशी ते सवयीप्रमाणे काचेकडे पाठ करून बसले होते. वहिनी समोर बसून नदी बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट एका गावाच्या धक्क्याला लागली आणि केतकीने सगळ्यांना जमवलं. तिचा चेहरा बघूनच मला आमची जुनी खिडकी आठवली. "पावसाने ओढ दिलीय," ती म्हणाली. "पुढच्या टप्प्यात नदीतले खडक वर आलेत, आपली बोट जाणार नाही. उद्या सकाळी नऊला बस निघेल. पुढे आपली दुसरी बोट उभी आहे. अगदी हीच बोट समजा. तोच खोली नंबर, तेच पडदे. तिकडचे लोक इकडे येतील आणि आपण तिकडे जाऊ. आणि एक छान गोष्ट, किल्ल्यांच्या भागात अकरा वाजता मी एक छोटी सपाट बुडाची बोट ठरवलीय. तिला कमी पाणी चालतं. तासभर फिरवेल."

गलका झाला. सर्वांत पुढे शिरीष. हा किहीमला समुद्रदर्शनाचे प्लॉट विकतो. पुढच्या प्लॉटवर घर उभं राहीपर्यंत समुद्राचं दर्शन खरोखर होतं. "पाण्याची खात्री नव्हती तर तुम्ही हे विकलंच कसं?" तो ओरडला. "चित्रात दाखवलं ते मिळालं पाहिजे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि जनूभाऊ उठले. मला वाटलं, आता हे केतकीची बाजू घेणार. तशी घेतलीही. "पोरीला कनाला बोलता? पानी कोनाच्या बापाचा नोकर न्हाय," ते म्हणाले. शिरीष खाली बसला. मग ते म्हणाले, "पन पानी गेला म्हंजे पानी येनार. गुरुजी, उंद्या तिथी कंची?"

मी सांगितलं, वद्य पंचमी.

"पाच पाऊण पावणेचार. उंद्या पावणेचारला पूर्न भरती. बशीत बसायचा न्हाय कोनी. ही बोट जानार."

केतकी म्हणाली, "काका, अहो, ही नदी आहे!"

"नदीच बोलतंय मी. आमची काय इहीर हाय?"

शिरीषने शंका काढली की तिथी इथली धरायची की आपल्याकडची. जनूभाऊंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "चंद्र काय दोन हाईत?" एवढ्यावर सभा जिंकली गेली. लोक माझ्याकडे वळले, कारण मी गणिताचा माणूस. पाच गुणिले पाऊण पावणेचारच होतात, असं मी सांगितलं. हे सांगताना मला अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. त्या दिवशी गणित अगदी बरोबर होतं. चुकीची होती ती नदी.

तेवढ्यात मागून तारावहिनी बोलल्या. त्या चारचौघांत बोलतात हेच आम्हांला नवीन होतं. "तीन दिस मी बगतंय," त्या म्हणाल्या. "हितला पानी वर येत न्हाय, खाली जात न्हाय. पाला पडला का एकाच अंगाला वाहतंय. उलटा कवा फिरलाच न्हाय. आपन त्या लहान बोटीनी जाव या."

"तुला काय कलतंय त्यातला?" जनूभाऊ म्हणाले. शिरीषही हसला, आमच्यातले पेणचे एक डॉक्टरही हसले आणि मीसुद्धा हसलो. चौतीस वर्षं खिडकीत काढलेला माणूस एका बाजूला आणि तीन दिवस पाण्याकडे बघणारी बाई दुसऱ्या बाजूला. आम्ही सगळ्या शिकलेल्या माणसांनी खिडकीवर विश्वास टाकला.

सकाळी नऊला बस आली. वहिनी हिरवं लुगडं नेसून, पिशवी भरून जिन्यापाशी उभ्या होत्या. जनूभाऊ आले आणि त्यांनी पंजा दाखवला. वहिनींनी एकदा नदीकडे बघितलं, पिशवी उचलली आणि खोलीत गेल्या. केतकी रडवेली झाली होती. कप्तान उंच, शांत माणूस होता. तो तिच्या तोंडून म्हणाला की हे पाणी वरच्या डोंगरात पाऊस पडेल तेव्हाच येईल, त्याला कदाचित दोन आठवडेही लागतील. जनूभाऊ मला हळूच म्हणाले, "नवीन हाय बिचारा." शेवटी बस संध्याकाळी पाचपर्यंत थांबेल असं ठरलं. लहान बोट मात्र थांबणार नव्हती. तिची वेळ अकराची, आणि ती अकराला गेली.

दुपारी दोनपासून आम्ही बावीस जण गच्चीवर. धक्क्याच्या दगडी भिंतीवर पाणी मोजायच्या खुणा होत्या. शिरीषने एका खुणेकडे बोट दाखवून सगळ्यांना ती नीट बघून ठेवायला सांगितली. जनूभाऊंसाठी मधोमध खुर्ची ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा ते पाण्याकडे तोंड करून बसले. तीनला कुणीतरी म्हणालं, थोडं वाढलंय. सव्वातीनला दुसरं म्हणालं, वास बदललाय. पावणेचारला दोन मिनिटं असताना पाणी खरोखर चढलं. खूण बुडाली. एकच जल्लोष झाला, शिरीषने गणपती बाप्पा मोरया म्हटलं, आणि शेजारून एक मालवाहू बोट निघून गेली. तिच्या मागे लाट सपाट झाली आणि खूण पुन्हा कोरडी दिसू लागली.

चार वाजले. सव्वाचार झाले. एक पिवळं पान वरून आलं, आमच्यासमोरून संथ गेलं आणि खाली निघून गेलं. जनूभाऊ ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. मग दुसरं आलं आणि तेही त्याच दिशेने गेलं. साडेचारला लोक एकेक करून उठले. कुणी त्यांना काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

पाचला बस निघाली. किल्ले दिसले, म्हणजे झाडं आणि आगगाडीचे डबे यांच्या मधून जेवढे दिसायचे तेवढे दिसले. वहिनी डोंगराच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांना सगळा वेळ दगडी दरड दिसली. दुसऱ्या बोटीवर पोहोचलो तर खरोखरच तोच खोली नंबर आणि तेच पडदे. जेवायला मात्र जनूभाऊ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली. किल्ल्यांचा प्रदेश मागे पडला होता. आता दोन्ही काठांना सपाट जमीन, सिमेंटचे कारखाने, कोळशाचे ढीग आणि माल उचलणाऱ्या याऱ्या. शिरीषने खाली दिवाणखान्यात तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला होता. अर्जात आमची दिशाभूल झाल्याचं नमूद होतं. कुणी केली ते मोघम ठेवलं होतं. माझी सही घ्यायची राहिली म्हणून मला शोधत होते, आणि मी सटकून गच्चीवर गेलो.

गच्चीवर दोघंच होती. वहिनी कठड्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या आणि जनूभाऊ त्यांच्या बाजूला, पाण्याकडे तोंड करून. माझी चाहूल त्यांना लागली नाही. मी जिन्याच्या तोंडाशीच थांबलो. चोरून ऐकणं वाईट, पण पाय निघेना.

"तारा," जनूभाऊ म्हणाले. "माजा चुकला."

वहिनींनी मान वळवली नाही. "कवाचा?" त्यांनी विचारलं.

"कालचा."

एक सिमेंटचा कारखाना सावकाश मागे गेला. वहिनींनी तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, "आनि?"

जनूभाऊंनी खाली पाण्याकडे बघितलं. "तुज्या भावाच्या हलदीला निंगालेलीस," ते म्हणाले. "तवा पानी व्हता."

 चौतीस वर्षं साहेब, भटजी, वऱ्हाडी आणि मी, आम्ही सगळे ज्या पंजापुढे मान तुकवत आलो, तो एका माणसापुढे खोटा निघत होता. आणि ते माणूस अजिबात चकित झालं नव्हतं.

"ठाव हाय मना," वहिनी म्हणाल्या. "मी उघाडीवरची पोर. मना पानी दिसत न्हवता काय?"

"मंग बोलली न्हाईस कवा."

"तुमीच बोलाल म्हनून बगत व्हते."

"तू गेली असतीस तर मना भाकरी कोन भाजनार व्हता?" जनूभाऊ म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला जेमतेम ऐकू आलं.

वहिनी हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्या बाकावर जरा मागे सरकून नीट टेकून बसल्या, लांबचा प्रवास असला की माणूस बसतं तशा. पुढे कोळशाचा एक प्रचंड ढीग येत होता. त्यांनी पदर सारखा केला आणि त्याच्याकडे बघत विचारलं, "आनि?"

"तुजी बहीन बालंतीन झाली तवा. तवा बी व्हता."

"आनि?"

"शिमग्याला."

"कंच्या शिमग्याला?"

जनूभाऊ आठवू लागले. मी हलकेच जिना उतरलो. खाली शिरीष अर्ज घेऊन उभा होता, त्याला मी नंतर बघू म्हटलं. वरून अधूनमधून वहिनींचं "आनि?" ऐकू येत होतं, आणि नदीला त्या भागात पाणी भरपूर होतं.